कांद्याला वारा, माणसाला कोंडमारा

सदर : घर आणि आरोग्य



कांदाचाळ बांधायची म्हटली की आपण किती विचार करतो! वारा कोणत्या दिशेने येतो ते पाहतो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घेतो, म्हणजे खालून हवा खेळेल. बाजूच्या भिंती पट्ट्यांच्या किंवा बांबूच्या करून मध्ये फटी ठेवतो. थर चार-पाच फुटांपेक्षा उंच होऊ देत नाही. का, तर कांदा श्वास घेतो, त्याला ऊब सुटते, हवा कोंडली की तो सडतो. हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता त्याच शेतकऱ्याच्या नव्या घरात जाऊ या. पुढे ऐसपैस ओसरी, गुळगुळीत फरशी, भिंतींना रंग. मागच्या कोपऱ्यात आठ बाय दहाचे स्वयंपाकघर. त्याला एक खिडकी, तीही सरकत्या काचेची आणि बहुधा बंद; कारण बाहेरून धूळ येते, मांजर येते. वर सिमेंटचा स्लॅब. त्या खोलीत घरातली बाई दिवसाचे चार-पाच तास काढते आणि तिच्या काखेत किंवा पायाशी लहान मूल असते. कांदा पाच महिने ठेवायचा असतो. बाईला तिथे तीस-चाळीस वर्षे काढायची असतात. मग वाऱ्याचा विचार कोणासाठी जास्त व्हायला हवा होता?

जुने घर गळके, पण मोकळे

जुन्या घरांचे कौतुक करून कोणाला मागे नेण्याचा येथे हेतू नाही. पावसाळ्यात गळणारी कौले, उंदीर-घुशी, दरवर्षीचे शेणसारवण, हे सगळे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक. पक्के घर हवे, ते झालेच पाहिजे. पण जुन्या घरात एक सोय आपोआप होती. कौलांच्या फटींतून धूर झिरपून जाई. सकाळी गावाकडे दुरून पाहिले तर घराघरांवर निळसर धूर तरंगताना दिसे. धाब्याच्या घरात माळवदाला वर झरोका असे; त्यातून उजेड खाली येई आणि धूर वर जाई. कुडाच्या भिंती तर चहूबाजूंनी हवा घेत.

त्या धुराचा उपयोगही होता. आढ्याला कीड लागत नसे, आणि चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे पुढच्या पेरणीपर्यंत टिकत. म्हणून धूर म्हणजे घरचाच, त्यात काय एवढे, अशी आपली समजूत झाली. घर बदलले, समजूत तीच राहिली.

पक्क्या घराची खरी खुबी अशी की ते ऊन, पाऊस आणि थंडी बाहेर ठेवते. पण जे बाहेरचे आत येऊ देत नाही, ते आतलेही बाहेर जाऊ देत नाही. फटी बुजल्या तेव्हा गळती थांबली, तशी धुराची वाटही बंद झाली. ती वाट आता जाणूनबुजून ठेवावी लागते.

धूर स्लॅबखाली कसा अडकतो

गरम हवा हलकी असते, म्हणून धूर वर चढतो. बहुतेक नव्या घरांत खिडकीची वरची कड सात फुटांवर असते आणि स्लॅब दहा फुटांवर. म्हणजे वरचे तीन फूट ही धुराची कोठीच झाली. तिथून त्याला बाहेर पडायला दारही नाही, खिडकीही नाही. तो तिथे साठतो, निवतो, जड होतो आणि हळूहळू खाली उतरतो. भाकरी थापणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशी येतो आणि तिथून मधल्या खोलीत, अभ्यास करणाऱ्या पोरांपर्यंत जातो. चूल विझल्यावरही घरात तासभर वास रेंगाळतो तो याचमुळे.

हवेचा आणखी एक नियम ध्यानात ठेवा. आत यायला वाट असेल तरच हवा बाहेर जाते. घागर पालथी केली तर पाणी गुडगुड करीत थांबत थांबत पडते, कारण आत हवा शिरायला जागा नसते. खोलीचेही तसेच. वर एकच भोक पाडले आणि बाकी सारे बंद ठेवले तर धूर हलत नाही. खालून थंड हवा आत, वरून गरम धूर बाहेर, अशा दोन वाटा लागतात.

धुराने काय होते

डोळे चुरचुरतात, खोकला येतो, एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी झालेले रोगी तपासले. हा रोग तेव्हा मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा समजला जाई. त्यांना मात्र त्यात कधीही विडी न ओढलेल्या बायकाही मोठ्या संख्येने दिसल्या. शेणी आणि लाकडे जाळून केलेल्या स्वयंपाकाचा धूर यामागे असावा, असा संशय त्यांनी तेव्हाच नोंदवला.

पुढे १९८१ मध्ये कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर मोजणीची यंत्रे लावली. स्वयंपाकाच्या वेळी त्या ज्या हवेत श्वास घेत होत्या, तिच्या एका घनमीटरमध्ये सर्व आकारांचे मिळून सुमारे ७००० मायक्रोग्रॅम कण निघाले. आपल्या देशात १९९४ साली वस्तीच्या भागासाठी अशा कणांची मर्यादा ठरली, ती होती चोवीस तासांच्या सरासरीने २०० मायक्रोग्रॅम. एक हिशेब स्वयंपाकाच्या वेळेचा आणि दुसरा चोवीस तासांचा, हे खरे. तरी फरक केवढा आहे ते दिसतेच. शहरातल्या धुराची चर्चा रोज होते. त्याहून दाट धूर आपल्या चुलीपुढे होता आणि त्याची मोजणी करायला इतकी वर्षे लागली.

या धुरातले सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. त्यातून जुनाट दमा-खोकला, हृदयविकार, मोतीबिंदू जडतात आणि गर्भारपणी कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका वाढतो. पाच वर्षांखालच्या मुलांत न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती.

गॅस आला, आता काय?

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत गॅसची जोडणी पोचली. फार चांगले झाले. पण घराघरांत काय दिसते? चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर, आंघोळीचे पाणी बंबावर. सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की पुन्हा सगळेच चुलीवर. ज्या घरात गॅस आहे तिथे ‘आता धुराचा प्रश्न कुठे राहिला’ म्हणून स्वयंपाकघराला झरोका ठेवत नाहीत, आणि त्याच बंद खोलीत अडीनडीला चूल पेटते. हा दुहेरी तोटा आहे.

शिवाय गॅसलाही मोकळी हवा लागते. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात मिसळते. शिजणाऱ्या अन्नाची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास हे वेगळेच. बंद घरात ही वाफ थंड भिंतीवर बसते. पावसाळ्यात कपाटामागे काळे डाग पडतात, रंगाचे पोपडे निघतात, अंथरुणाला कुबट वास येतो. ती बुरशी असते, आणि दमेकऱ्याला व लहान मुलांना ती त्रास देते. भिंतीला पुन्हा रंग देऊन ती जात नाही. ओल थांबवली आणि हवा खेळती केली तरच जाते.

परदेशातही हीच ठेच लागली

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा युरोप-अमेरिकेत घरे उबदार ठेवण्याचा खर्च परवडेनासा झाला. लोकांनी इंधन वाचवण्यासाठी खिडक्यांच्या फटी बुजवल्या, भिंतींत फेस भरला, नवी घरे डबीसारखी घट्ट बांधली. इंधन वाचले. पण थोड्याच वर्षांत डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, दमा यांच्या तक्रारी वाढल्या. नव्या लाकडी फळ्यांतून आणि फेसातून निघणारी वाफ, भिंतींतली ओल, हे सारे आत कोंडले होते. काही भागांत जमिनीतून येणारा रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू घरात साठत होता. १९८४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्रातील कामगार दारातून जाताना धोक्याची घंटा वाजू लागली. केंद्रात अजून अणुइंधन भरलेही नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की तो किरणोत्सर्ग त्याच्या स्वतःच्या घरातून अंगावर येत होता.

तेथील लोकांनी त्यातून घट्ट घर सोडून दिले नाही. घर जितके घट्ट, तितकी हवेची वाट आधी ठरवायची, हा नियम त्यांनी केला. आता तिकडे अशा घरांत हवा बदलणारे खास पंखे बसवतात. आपल्याकडे एवढा खर्च लागत नाही. आपले हवामान खिडकी उघडी ठेवू देते, हे आपले भाग्य.

डोळ्यांना न दिसणारे विष

पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नाही. आधी कंदील सोडून पाहतो. दिवा विझला तर खाली प्राणवायू नाही हे तो ओळखतो. पण एक वायू असा आहे की त्याच्यात दिवा नीट जळत राहतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस मात्र झोपेतच जातो. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. लाकूड, कोळसा, शेणी किंवा गॅस अपुऱ्या हवेत जळला की तो तयार होतो. रक्तात प्राणवायूची जागा तो अडवून बसतो.

थंडीच्या दिवसांत घमेल्यात निखारे घेऊन ते खोलीत ठेवायचे, दारे-खिडक्या लावायच्या आणि झोपायचे, ही सवय सगळ्यांत धोक्याची. निखाऱ्यांचा धूर निघत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. खरे तर धुमसत्या निखाऱ्यांतूनच हा वायू भरपूर सुटतो. गॅसच्या गिझरचेही तसेच. झरोका नसलेल्या न्हाणीघरात तो कधीच बसवू नये. बंबही अंगणात किंवा पडवीत असावा.

येथे घरातल्या वडीलधाऱ्या आजींना आणि सासूबाईंना एक हात जोडून सांगणे आहे. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, ओवा-शेपाची धुरी द्यायची आणि वारा लागू नये म्हणून खोली बंद करायची, ही आपली जुनी रीत. तुम्ही ती मायेनेच करता. पूर्वी ती कौलाखाली होत होती, आता स्लॅबखाली होते. बाळंतिणीला ऊब हवी, यात वाद नाही. ती गरम पाण्याच्या पिशवीने, गोधडीने, तेल लावून ऊन पाण्याने मिळते. बाळाला ऊब आईच्या कुशीत मिळते. नुकत्या जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे मुठीएवढीही नसतात. त्याला धुरी नको आणि बंद खोलीतली शेगडी तर नकोच नको.

एकाच घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली, तर जेवणाला दोष देण्याआधी दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

शेतकऱ्याच्या घरातल्या आणखी दोन गोष्टी

डासांसाठी लावतात ती कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइल तपासल्या, तेव्हा एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावून मुलांना निजवण्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी. तिला ना धूर, ना रोजचा खर्च.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतला दमटपणा लागला की त्यांतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. ज्या खोलीत किंवा तिच्या शेजारच्या खोलीत माणसे झोपतात, तिथल्या धान्यात या गोळ्या कधीही ठेवू नयेत. त्या प्रशिक्षित माणसाच्या हातूनच, वस्तीपासून दूरच्या कोठारात वापरायच्या असतात. घरच्या धान्यासाठी कडक ऊन, चांगली कोरडी कणगी, कडुलिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्या आहेत. फवारणीची औषधे आणि पंपही राहत्या घरात ठेवू नका.

आता करायचे काय?

१. स्लॅबला लागून झरोके ठेवा. स्वयंपाकघराच्या समोरासमोरच्या दोन भिंतींना, छताच्या जवळ, सिमेंटच्या जाळ्या बसवा. वर छोटा छज्जा काढला की पाऊस आत येत नाही. बांधलेल्या घरातही गवंडी एका दिवसात हे काम करू शकतो.

२. खिडकीचा हिशेब करा. देशाच्या बांधकाम संहितेप्रमाणे कोरड्या उष्ण भागात उघडणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र जमिनीच्या एक दशांश आणि दमट उष्ण भागात एक षष्ठांश असावे. दहा बाय दहाच्या खोलीला देशावर दहा चौरस फूट, कोकणात सोळा-सतरा. सरकती खिडकी अर्धीच उघडते, हे विसरू नका. चार बाय चारची सरकती खिडकी कामाला आठच चौरस फूट येते. उघडणाऱ्या पाखांची खिडकी यापेक्षा चांगली.

३. चूल असेल तर धुराडे हवेच. वर्ध्याच्या मगनवाडीतून निघालेली मगन चूल आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या आजीने पाहिली असेल. १९८३ च्या सुमारास देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम निघाला आणि २००२ पर्यंत चालला. पुष्कळ चुली बसल्या, पण पुष्कळ थोड्याच दिवसांत बंद पडल्या. नळात काजळी साचली, चुलीला तडे गेले, दुरुस्तीला कोणी आले नाही. म्हणून नळ छपराच्या वर दोन-तीन फूट काढा, वर टोपी बसवा आणि महिन्यातून एकदा काजळी झाडा. ग्वाटेमाला देशात २००२ ते २००४ मध्ये काही घरांना धुराड्याच्या चुली दिल्या, तेव्हा लहान मुलांच्या वाट्याचा धूर निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया घटला. धुराड्याने सगळा धूर जात नाही, पण फरक नक्की पडतो.

४. जमेल तर चूल बाहेर काढा. परसात तीन बाजूंनी उघडी पडवी, वर पत्रा. पाणी तापवणे, कडधान्ये शिजवणे, ही लांब चालणारी कामे तिथे. लाकडे वाळलेली आणि बारीक फोडलेली वापरा. ओले लाकूड जळण कमी देते आणि धूर जास्त.

५. पंखा बसवला तर तो चुलीच्या किंवा गॅसच्या वर, छताजवळ बसवा, आणि पलीकडची खिडकी उघडी ठेवा. सगळे बंद असले तर पंखा नुसता आवाज करतो.

६. कूलर लावताना खिडकी उघडी ठेवा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला जायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि गारवाही राहत नाही.

खर्च कोणाचा, आरोग्य कोणाचे

घराचा नकाशा ठरतो तेव्हा चर्चेला कोण असते? घरधनी, त्याचे भाऊ, गवंडी, फार तर सोयरे. जिला त्या खोलीत आयुष्य काढायचे ती आत चहा करीत असते. तिला एकदा विचारा, वारा कुठून हवा, चूल कोणत्या भिंतीला हवी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलातही २५ चौरस मीटर क्षेत्रात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. ती कागदावरून घरात आणणे आपल्या हाती आहे. ओसरीच्या दोन नक्षीदार खांबांच्या पैशांत स्वयंपाकघराच्या चारही जाळ्या आणि धुराड्याचा नळ बसतो.

आपल्या घरात हवा खेळते की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. संध्याकाळच्या स्वयंपाकाला दारे-खिडक्या रोज जशा असतात तशा ठेवा आणि कोपऱ्यात एक उदबत्ती लावा. तिचा धूर सरळ एका वाटेने बाहेर गेला तर ठीक. तो छताखाली पसरून तिथेच लोळत राहिला, तर चुलीचा धूरही तिथेच राहतो. मग मान वर करून स्लॅब पाहा. जिथे काळे झाले असेल, तिथेच झरोक्याची जागा आहे. पावसाळ्याआधी गवंड्याला बोलावून ती खूण दाखवा.

काय आढळले ते पत्राने जरूर कळवा. आणि हे पत्र घरातल्या बाईने लिहिले तर आम्हाला अधिक आनंद होईल.